तिसऱ्यांदा आलेले भूत

भुताची गोष्ट एकदा सांगणे फारसे अवघड नाही. काळोखी रात्र, चिंचेचे झाड, दूर कुठे तरी रडणारे कुत्रे आणि ऐकायला चार पोरे, एवढे भांडवल पुरते. तीच गोष्ट दुसऱ्या रात्री सांगायची म्हणजे सांगणाऱ्याला थोडे डोके चालवावे लागते. पण तेच भूत तिसऱ्या रात्री आणायचे आणि ऐकणाऱ्यांना पुन्हा पांघरुणात पाय ओढून घ्यायला लावायचे, हे काम महाकर्मकठीण! आमच्या मालवणी मुलखातल्या गोष्टीवेल्हाळ म्हाताऱ्यांना हे पक्के ठाऊक असे. पोरे तीच गोष्ट पुन्हा मागू लागली की त्या म्हणत, "निजा आता मेल्यांनू, भुताकय नीज येता," आणि खुशाल दिवा मालवीत.

चित्रपट काढणाऱ्यांना आणि मालिका रचणाऱ्यांना मात्र वेळेवर दिवा मालवण्याची ही युक्ती अजून साधलेली नाही. एक भूत चालले, की त्याच भुताचा दुसरा भाग येतो. दुसरा चालला, की तिसरा येतो. आणि मग एके रात्री घरातले लहान मूल त्या भुताकडे बोट दाखवून खुदकन हसते! असे का व्हावे? पहिल्या भागात घाम फोडणारे भूत तिसऱ्या भागात इतके केविलवाणे का वाटावे? या कोड्याचा उलगडा शोधायला थेट हॉलिवूड गाठण्याचे कारण नाही. तिकडे आपण पुढे एक चक्कर मारूच. पण आरंभ करू या आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातूनच, सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातल्या एका वाड्यापासून. 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेचे चित्रीकरण तिथे झाले, आणि एके काळी रात्री साडेदहाच्या ठोक्याला निम्म्या महाराष्ट्राचे डोळे त्या वाड्याच्या दाराकडे लागलेले असत.

न दिसलेले अण्णा

'झी मराठी' वाहिनीवर ही मालिका सुरू झाली २२ फेब्रुवारी २०१६ रोजी. तिचे नाव घेतले होते 'हा खेळ सावल्यांचा' या १९७६ सालच्या चित्रपटातील गाण्यावरून. वसंत जोगळेकरांचे दिग्दर्शन, सुधीर मोघे यांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत आणि पडद्यावर डॉ. काशिनाथ घाणेकर व आशा काळे, असा तो थाट होता. ज्यांनी तो चित्रपट पाहिला आहे त्यांना स्मरत असेल, की त्यात थरकाप भुताचा होता, पण त्या थरकापाच्या मुळाशी माणसाचेच पाप होते. मालिकेने नावाबरोबर हा गुणही उचलला, हे तिचे शहाणपण.

गोष्टीचा आरंभ अगदी साधा. वाड्याचे कर्ते पुरुष अण्णा नाईक मरण पावतात. मुलगे, सुना, लेक, नातवंडे गोळा होतात. क्रियाकर्म उरकायचे, इस्टेटीचे काय ते बघायचे आणि ज्याने त्याने आपली वाट धरायची, एवढाच सगळ्यांचा बेत. पण वाडा कोणाला सोडीत नाही.

आता यातली मौज पाहा. ज्यांची दहशत साऱ्या घरावर, ते अण्णा आरंभीच मेलेले! पडद्यावर त्यांचा प्रत्यक्ष वावर असा फारसा नव्हताच. शेवंता म्हणजे दबक्या आवाजात घेतलेले एक नाव. मग आम्ही भीत होतो ते कशाला? आम्ही भीत होतो ते अर्धवट उघडलेल्या दाराला, पाठमोऱ्या बसलेल्या माईंना, आणि ऐन मोक्याला 'इसारलंय' म्हणून मोकळा होणाऱ्या पांडूला. ती भूमिका करणारे प्रल्हाद कुडतरकर मालिकेच्या लेखनातही होते, आणि एखादी गोष्ट सांगण्यापेक्षा ती विसरण्यात किती भय साठवता येते, हे त्यांना नेमके कळले होते. पण सर्वांत अधिक भय वाटे ते भाऊ भावाकडे बघे तेव्हा. मृत्युपत्रात काय लिहिले आहे? जमीन कोणाच्या वाट्याला? हा प्रश्न पडलेला माणूस काय काय करील याचा नेम नसतो. अण्णांचे भूत असो वा नसो, त्या प्रश्नाचे भूत घरोघर असते.

या मालिकेने आणखी एक गोष्ट केली. मालवणी बोलीला महाराष्ट्रभर नेले ते १९८० साली रंगभूमीवर आलेल्या गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण'ने आणि मच्छिंद्र कांबळींनी. पण नेले ते हसवत हसवत. पुढची कित्येक वर्षे नाटक-सिनेमात मालवणी बोलणारा माणूस आला, की प्रेक्षक आधीच हसायला तयार होऊन बसत. हीच बोली काळजात धस्स करू शकते, माजघरातल्या अंधारात ती कुजबुजली तर अंगावर काटा उभा राहतो, हे घराघरांत दाखवले ते या पहिल्या भागाने. कोकणची बदनामी होते, अंधश्रद्धा पसरते, असा आक्षेप तेव्हा कित्येक कोकणवासीयांनी घेतला. तो अगदीच गैरवाजवी होता असे मी म्हणणार नाही. भूतखेतांपायी गावोगाव झालेले तंटे आणि भगतांनी लुबाडलेली माणसे आम्ही पाहिलेली आहेत. परंतु आक्षेप घेणारे आणि न घेणारे दोघेही साडेदहाला दूरचित्रवाणीसमोर बसलेले असत, हेही तितकेच खरे!

माजघरातली शांतता

त्या वर्षी गणेशचतुर्थी ५ सप्टेंबरला होती. आमचे घर मालवण तालुक्यातल्या एका खेड्यात. घर सामाईक, म्हणजे गणपती एक, चुली चार आणि सात-बारावर नावे चौदा. मुंबई-पुण्याहून आम्ही सारे चाकरमानी येऊन पोचलो होतो. भजने आटोपली, उसळपाव झाला, आणि धाकट्या भावजयीने माजघरातली दूरचित्रवाणी लावली. लहानथोर मिळून वीस-बावीस माणसे दाटीवाटीने बसली. पडद्यावर नाईकांच्या घरात इस्टेटीवरून बोलाचाली चालली होती.

बघता बघता माझ्या लक्षात आले, की आमच्या माजघरात कोणीच बोलत नाही. भयाने नव्हे. त्याच दुपारी ओसरीवर आमच्या कलमांच्या बागेचा विषय निघून अर्धवट राहिला होता. नाईकांचा एक भाऊ जे बोलला, अगदी तेच, जवळजवळ त्याच शब्दांत, आमच्यापैकी एकजण दुपारी बोलला होता. थोरला चुलतभाऊ पाणी पिण्याच्या निमित्ताने उठला तो परत येऊन बसलाच नाही. भाग संपला, दिवे लागले, आणि जवळजवळ ऐंशीच्या घरातली आमची काकी शांतपणे म्हणाली, "अण्णा ऱ्हवलो बाजूक. त्या वाड्यात माका तुमीच दिसलात."

दुसऱ्या दिवशी बागेचा विषय कोणी काढला नाही. पुढल्या वर्षी तो निघाला तेव्हा आवाज चढले नाहीत, आणि वाटणी सरळ झाली. याचे श्रेय एका मालिकेला देण्याइतका मी भाबडा नाही. पण भुताच्या चांगल्या गोष्टीने माणसाचे काय होते, याचा हा मी डोळ्यांनी पाहिलेला दाखला. ती आपल्याला दुसऱ्या कोणाला भ्यायला लावत नाही. स्वतःलाच भ्यायला लावते.

पहिला भाग ऑक्टोबर २०१६ मध्ये, म्हणजे आठ महिन्यांत संपला. एवढ्यावर दिवा मालवला असता तर?

भूत होण्यापूर्वीचा माणूस

दुसरा भाग १४ जानेवारी २०१९ ला सुरू झाला, आणि कबूल केले पाहिजे की तो फसला नाही. याचे कारण असे, की लेखकांनी पुढे जाण्याऐवजी मागे जायचे ठरवले. अण्णा जिवंत असतानाची ही हकीकत. माधव अभ्यंकरांचा अण्णा, शकुंतला नरे यांची माई आणि अपूर्वा नेमळेकरांची शेवंता. अण्णांचा हव्यास, त्यांचा दरारा, त्यांनी केलेली पापे, आणि त्या पापांवर पदर घेऊन संसार ओढणारी माई. हा माणूस कसा मरणार आणि मेल्यावर घराचे काय होणार, हे प्रेक्षकांना आधीच ठाऊक होते. म्हणून तर तो हसला की आपल्याला भय वाटे. भूत होण्यापूर्वीच्या माणसाची ही गोष्ट ऑगस्ट २०२० पर्यंत चालली. मध्ये करोनाने काही महिने सर्वच चित्रीकरणे बंद पाडली होती, तेवढा खंड सोडला तर.

परंतु तिसऱ्या भागाचे अपयश या यशातच दडलेले होते. लोकांना अण्णा आवडू लागले! शेवंता तर त्याहून आवडली. त्यांच्या भेटी, त्यांची लाडीगोडी, शेवंतेची वेणी आणि साडी यांची घरोघर चर्चा होऊ लागली. समारंभात मुले अण्णांची नक्कल करू लागली, आणि सावंतवाडीच्या वाटेवरचे प्रवासी वाकडी वाट करून तो वाडा पाहून येऊ लागले. नटांच्या दृष्टीने हा मोठाच विजय. पण भयाच्या दृष्टीने? ज्याच्यावर आपला जीव जडला, तो मेल्यावर दारात येऊन उभा राहिला तर आपण किंचाळणार की 'या, बसा' म्हणणार?

नटून आलेले भूत

तिसरा भाग आला मार्च २०२१ मध्ये. पुन्हा करोनाची लाट आली, राज्यात चित्रीकरणांवर बंदी आली, आणि मालिका थांबली ती ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू झाली. वेळ रात्री अकराची. आता काळ पुढचा होता. वाड्यावर अवकळा आलेली, आणि त्यात अण्णा व शेवंता चक्क भुते होऊन वावरत होती.

त्या वर्षी चतुर्थी होती १० सप्टेंबरला. आमच्या घरीही पाच वर्षांत अवकळाच आली होती म्हणा ना. काका गेले होते. चारांपैकी दोन चुली थंड होत्या, त्या बाजूच्या दारांना कुलपे होती. करोनाच्या धास्तीने निम्मी माणसे आलीच नाहीत. तेच माजघर, तीच दूरचित्रवाणी, पण बसायला आम्ही जेमतेम आठजण. मालिका लागली. भूत आले. केस मोकळे, तोंडाला रंग, मागे गडगडाट, आणि पाठोपाठ ते खदाखदा हास्य. पुन्हा आले. पुन्हा हसले. माझी दहा वर्षांची पुतणी आधीच सांगू लागली, "आता दिवा फडफडणार! आता हा वळून बघणार!" आणि दिवा फडफडे, आणि तो वळून बघे. मुलीचा एकही अंदाज चुकला नाही. काकी थोडा वेळ डोळे बारीक करून बघत राहिली आणि म्हणाली, "ह्येका भूत म्हणतत? ह्यां तर वरातीक निघालां!" आणि उशी घेऊन निजायला गेली.

आम्ही हसलो खरे. पण निघायच्या दिवशी मी काकीच्या पाया पडलो तेव्हा सहज विचारले, की एवढ्या घरात एकटीला भीती नाही ना वाटत? ती म्हणाली, "भुताचा माका भ्यां नाय रे झिला. तुमी सगळी गेलास काय घर वाजता, त्येचा भ्यां."

घर वाजते! चिऱ्याच्या भिंती, कौलारू छप्पर, सागाचे वासे. माणसांचा राबता असला की त्यांचा आवाज ऐकू येत नाही. माणसे गेली की वासा तडकतो, कौल सरकते, न लावलेले दार आपोआप आपटते. कोकणात आज गावोगाव असे एखादे तरी घर आहे, की ज्यात एक म्हातारे माणूस हा आवाज ऐकत जागे असते. आणि असे घरही आहे, की ज्यात तो ऐकायलाही कोणी उरलेले नाही. वर्षातून पाच दिवस त्याचे कुलूप निघते. ओसाड वाड्याची गोष्ट सांगायला निघालेल्या तिसऱ्या भागाच्या हाती हे केवढे मोठे भय आयते आले होते! पहिल्या भागाने घराला गोष्टीचा नायक केले होते. तिसऱ्याने त्याच घराचा पडदा करून मागे टांगला आणि पुढे भुतांना नाचवले.

रक्त आणि चॉकलेट

हा दोष एकट्या आपल्या मालिकेचा मानू नये. अमेरिकेत तर याचा कारखानाच आहे. १९८० साली तिकडे 'फ्रायडे द थर्टीन्थ' नावाचा एक रक्तबंबाळ चित्रपट आला. तळ्याकाठच्या सुट्टीच्या शिबिरात तरुण पोरापोरींचे एकामागून एक खून होतात. खून करणारे कोण? एक आई. तिचा जेसन नावाचा मुलगा त्या तळ्यात बुडाला, आणि ज्यांनी त्याच्याकडे लक्ष द्यायचे ते आपल्याच नादात होते, हे शल्य तिच्या डोक्यात गेले आहे. चित्रपट कितीही भडक असला तरी त्या सुऱ्यामागे एक दुःख आहे. पण चित्रपट चालला, म्हणून दुसऱ्याच वर्षी तो बुडालेला मुलगाच खुनी होऊन परत आला! तिसऱ्या भागात, १९८२ साली, त्याच्या तोंडावर हॉकीच्या गोलरक्षकाचा मुखवटा चढला, आणि गंमत म्हणजे पुढे तोच मुखवटा त्याची ओळख झाला. १९८४ च्या चौथ्या भागाला 'अखेरचे प्रकरण' अशा अर्थाचे नाव दिले, आणि १९८५ मध्ये पाचवा भाग काढला. दहाव्या भागापर्यंत हे महाशय अंतराळात जाऊन पोचले. भाग वाढले तसे मुडदे वाढले, रक्त वाढले. आई आणि तिचे दुःख मात्र पहिल्याच भागात राहून गेले.

'द एक्झॉर्सिस्ट'चीही तीच गत. १९७३ च्या पहिल्या चित्रपटाने जगभर दातखिळी बसवली. लहान मुलीला पछाडणाऱ्या सैतानाची ती गोष्ट. पण तिचा जीव होता मुलीसाठी दारोदार वैद्य शोधणाऱ्या आईत आणि स्वतःच्या श्रद्धेबद्दल साशंक झालेल्या पाद्र्यात. १९७७ च्या दुसऱ्या भागाला लोक चित्रपटगृहात हसू लागले, तेव्हा दिग्दर्शक जॉन बूरमनला प्रदर्शित झालेला चित्रपट पुन्हा कापून जोडावा लागला. कात्रीने हसू थोडेच थांबते!

याच्या उलट हिचकॉकचा 'सायको' आठवा. १९६० सालचा हा चित्रपट त्याने मुद्दाम कृष्णधवल काढला. न्हाणीघरातल्या त्या जगप्रसिद्ध खुनात मोरीतून वाहून जाते ते रक्त म्हणजे चॉकलेटचे सरबत होते! सुरा अंगात शिरताना स्पष्ट असा दिसतच नाही. तरी त्या काळी कितीतरी बायाबापड्यांनी एकट्याने न्हाणीघराचे दार लावायची धास्ती घेतली. चॉकलेटच्या एका बाटलीत जे साधले, ते पुढच्यांना पिंपभर लाल रंगात साधू नये, याचा अर्थ काय? रक्त बघून किळस येते, आणि किळस पाच मिनिटांत निघून जाते. भय मात्र आपल्याबरोबर घरी येते.

भुतालाही हद्द असते

माझ्या मते या साऱ्याचे मर्म आमच्या गावच्या जुन्या माणसांना ठाऊक होते. भूत आहे की नाही या वादात मला पडायचे नाही. पण ज्यांनी भुतांची कल्पना केली, त्यांनी ती किती नियमाने केली आहे ते पाहण्यासारखे आहे. आमच्याकडे प्रत्येकाला हद्द नेमून दिलेली आहे. मुंजा पिंपळावरचा. गिऱ्हा पाण्यातला. देवचार गावच्या सीमेवरचा. सीम ओलांडली की त्याचा अंमल संपला. वेळ ठरलेली: भर दुपार, तिन्हीसांज किंवा अवसेची रात्र. देणेही ठरलेले: कोणाला नारळ, कोणाला कोंबडा. चकवा लागून वाट हरवली, तर उजाडेपर्यंत एका जागी बसून राहावे, म्हणजे वाट आपोआप सापडते. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीच्या वेतोबाचेच पाहा. जयवंत दळवींच्या या गावात वेतोबा म्हणजे भुतांचा राजा, पण गावाचा राखणदार. भक्तगण त्याला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. रात्री तो गावातून फेरी घालतो, म्हणून त्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. म्हणजे भुतांच्या राजालासुद्धा गस्तीची वाट नेमलेली आहे, आणि वहाणा झिजवल्याशिवाय त्याची सुटका नाही!

नियम आहे म्हणूनच भय आहे. अमुक वाटेने तमुक वेळी जाऊ नको म्हटले, की ती वाट आणि ती वेळ भयाने भरून जाते. पण जे भूत कुठेही, केव्हाही येते, काहीही करते आणि कशानेही मरत नाही, त्याच्यापासून सावध राहायचे तरी कसे? आणि जिथे सावध राहण्याची सोय नाही, तिथे भीतीही उरत नाही. उरतो फक्त कंटाळा.

आपल्या मराठी चित्रपटातला तात्या विंचू याला उत्तम साक्षी आहे. महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' १९९३ चा. रामदास पाध्ये यांचा बाहुला, दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू आणि लक्ष्मीकांत बेर्डे. कल्पना अमेरिकन चित्रपटावरून सुचलेली असेल, पण नियम कसे चोख! बाहुल्यात अडकलेल्या तात्याला सुटायचे तर एकाच माणसाच्या शरीरात शिरता येते, आणि त्याला मारायचे तर दोन भुवयांच्या मधोमधच गोळी लागली पाहिजे. लहान मुलांनाही हे पाठ होते, म्हणून प्रत्येक प्रसंगात ती श्वास रोखून बसत. वीस वर्षांनी, २०१३ साली, 'झपाटलेला २' आला. आता बाहुला त्रिमितीत थेट प्रेक्षकांच्या अंगावर धावून येत होता. यंत्र सुधारले होते, पण लक्ष्मीकांत बेर्डे २००४ सालीच गेलेले. आणि तेव्हा कळले, की तात्या विंचूचे भय बाहुल्यात नव्हतेच. ते लक्ष्याच्या तोंडावर होते.

दोष कोणाचा?

न्यायाने बोलायचे तर 'रात्रीस खेळ चाले'च्या तिसऱ्या भागापुढे अडचणी थोड्या नव्हत्या. साथीचे दिवस, थांबलेले चित्रीकरण, आणि मध्येच २०२१ मध्ये अपूर्वा नेमळेकर मालिकेतून बाहेर पडल्या व कृतिका तुळसकर शेवंता झाल्या. शिवाय रोजच्या मालिकेचा धंदाच असा, की दर रात्री जाहिरातींपूर्वी एक दचका देणे भाग पडते. आठवड्यातून पाच-सहा वेळा दचकवायचे म्हटले तर साक्षात वेतोबाच्याही वहाणा पुरणार नाहीत! एप्रिल २०२२ मध्ये हा भाग संपला, तेव्हा आमच्या ओळखीत कोणाला त्याची चुटपुट लागल्याचे आठवत नाही.

आणि मंडळी, थोडा दोष आपलाही आहे. 'अण्णांना परत आणा' म्हणणारे आपणच. आवडलेली वस्तू पुन्हा मागावी हा माणसाचा स्वभाव, आणि मागितलेली वस्तू विकावी हा बाजाराचा. पण म्हणून कोणी पुढचा भाग काढायलाच नको, असे माझे म्हणणे नाही. दुसऱ्या भागाने दाखवून दिले आहे, की गोष्ट खोल गेली तर पुन्हा सांगता येते. उद्या कोणी चौथा भाग काढायला निघाला, तर त्याने भुतांना रजा द्यावी. एक कौलारू घर घ्यावे, त्याच्या दोन दारांना कुलपे लावावीत, माजघरात एक म्हातारी बसवावी, आणि रात्री ते घर कसे वाजते तेवढेच ऐकवावे. रक्ताचा एक थेंब न सांडता मुंबईच्या हजारो घरांत लोक उठतील आणि गावी फोन लावतील.

आणि त्याने आमच्याकडच्या दिवाळीचा धडाही घ्यावा. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री आमच्या दक्षिण कोकणात आणि गोव्यात पोरे कागद, गवत आणि बांबूचा नरकासुर उभा करतात. वटारलेले डोळे, लालभडक जीभ, हातात तलवार. वाजतगाजत गावभर त्याची मिरवणूक निघते. लहान मुले आईच्या पदराआडून त्याला बघतात आणि खरोखरच घाबरतात. हा असुर दरवर्षी येतो. त्याचा हा कितवा भाग, हे कोणी मोजलेले नाही. तरी तो जुना होत नाही, कारण त्याची वेळ ठरलेली आहे. उजाडण्यापूर्वी त्याने जळायचे, म्हणजे जळायचे. मग अभ्यंगस्नान, तुळशीपुढे अंगठ्याखाली फुटलेले कडू कारीट, आणि केळीच्या पानावर पाच तऱ्हेचे पोहे. पोहे खाताना आदल्या रात्री भ्यालेली पोरे एकमेकांना विचारीत असतात, "फुडल्या वर्साक केवढो करूया रे?"